पदकमामांची पेटी

पदकमामांच्या तोंडून गोड खोटं कुणी कधी ऐकलं नाही. सराफ्यात त्यांचं दुकान होतं हातभर, पण जुन्या सोन्याच्या पदकाची पारख करावी ती त्यांनीच. एका वकिलानं आजोबांचं पदक मोठ्या तोऱ्यात पुढं केलं, तर मामांनी ते कसोटीच्या काळ्या दगडावर घासून सरळ सांगितलं, ‘पितळ हाय, साहेब. आजोबा हुशार असतील, शाळा कंजूष होती.’

पोलीस ॲक्शननंतर कितीक घरांची रया गेली. निजामाच्या काळात मिळालेली पदकं लोक तोळ्यावर विकायचे, बाकीचे सराफ ती वितळवायचे. मामा मात्र आधी पदकावरचं नाव मोठ्यानं वाचत. ‘नावाचं सोनं मुशीत घालायचं नाय,’ म्हणत आणि चिठ्ठी लावून आपल्या शिसवी पेटीत ठेवत. त्या पेटीत खोट्याला थारा नव्हता. आम्ही त्यांना मागं धर्मराज म्हणायचो.

माझ्या वडिलांना, अण्णांना, गणितात पहिले आल्याबद्दल शाळेत असंच एक पदक मिळालं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते शाळेला द्यायचं ठरवलं. हेडमास्तरांनी पारखीची चिठ्ठी मागितली.

मामांकडं निघण्याआधी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. ‘तू लहानपणी टायफॉईडनं फणफणली होतीस, हे व्हते वैजापूरच्या कचेरीत. तव्हा मी ते पदक मामाला विकलं. घरात हाय ते चांदीवर मुलामा दिलेलं, मामानंच करवून दिलं. ह्यांना ठाऊक नाय. अन् मामा तर खोटं बोलायचे नाय गं!’

दुकानात अण्णा ऐटीत बसले, आई नि मी मागं उभ्या राहिलो. मामांनी पदकावरचं नाव मोठ्यानं वाचलं, आईकडं एकदाच पाहिलं आणि दगड पुढं ओढला. पदक दगडाला टेकणार, इतक्यात ते थांबले.

‘थांबा अण्णा, चष्मा आत राहिला.’

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. पदक मुठीत धरून ते आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. अण्णा आपले छताकडं बघत गुणगुणत होते. मला त्यांचा इतका राग आणि त्यांच्याबद्दल इतकी माया एकदम कधीच दाटून आली नव्हती.

मामा परत आले. पदक घासलं. पिवळीधमक रेघ उठली, तेजाब टाकलं तरी हलली नाही.

‘बावनकशी, अण्णा. लई अस्सल.’ चिठ्ठीतही तेच लिहिलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

आई उंबऱ्यात घुटमळली. काहीतरी बोलायला तिचे ओठ हलले. मामा तिच्याकडं न बघता म्हणाले, ‘वहिनी, ऊन लई झालंय. घरला जावा.’

मामा गेले, तेव्हा तेराव्यानंतर त्यांच्या सुनेनं पेटी आवरायला मला बोलावलं. इतक्या पदकांत एकाचा मुलामा उडून आतली चांदी दिसत होती. चिठ्ठीवर अण्णांचं नाव होतं.

‘मामंजींनी हे खोटं कसं काय ठेवलं वो? काढून टाकू?’ तिनं विचारलं.

मला रडू आवरेना. पदरानं पुसून मी ते होतं तिथंच ठेवलं.