पुढं वाढवायला ठेवलेला स्लॉट

"अडतीस," प्रज्ञा म्हणली. "परत अडतीसच."

शनिवारची सकाळ. गुलमंडीत कपड्याच्या दुकानावर माझं कॉम्प्युटरचं दुकान हाय. टेबलावर प्रज्ञाचा नवाकोरा कॉम्प्युटर झाकण उघडून ठेवलेला, आणि ती गेम चालवून बघत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा हालत होता. सेकंदाला किती चित्रं येतात, तो आकडा. साठ आली की गेम लोण्यावानी चालतो. अडतीसला समोरचा दुश्मन बेडकासारखा उड्या मारत येतो, आणि तुम्ही बंदूक उचलायच्या आत गार झालेले असता.

तिची आई शकुंतलाबाई स्टुलावर बसून बघत होती. म्हणली, "भाऊ, नवी गाडी अन् घाटात ढकलायची व्हय?"

"मावशी, मशीन नवं हाय. जरा गरम होऊ द्या."

"तासभर झाला. भाकर असती तर कोळसा झाला असता."

प्रज्ञा वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत हाय. पार्ट बरोबर का चूक, हे मोजायचं काम. शिफ्ट सुटली की गेम खेळते. चार पोरींची टीम हाय, त्यांची कॅप्टन नाशिकची. रविवारी चार वाजता ऑनलाइन मॅच होती, त्यातून वरच्या आठ टीमा पुढच्या फेरीत जाणार होत्या. मागच्या टायमाला प्रज्ञाचा जुना लॅपटॉप मधीच अडकला आणि टीम बाहेर पडली. कॅप्टननं सांगितलं होतं, आता परत अडकलीस तर तुझ्या जागी दुसरी. म्हणून पोरीनं दोन वर्षं ओव्हरटाइम करून तीस हजार जमवले आणि दिले कुणाला? आठवी नापास बाळूला, म्हणजे मला.

आठ दिवसांपूर्वी ती इंटरनेटवरनं यादी उतरवून घेऊन आली होती. यादी झकास होती. फक्त त्यातलं काहीच आपल्या गावात मिळत नव्हतं. गेमच्या कॉम्प्युटरला खरा खर्च असतो ग्राफिक्स कार्डाचा. चित्रं काढायचं काम ते करतं. सगळ्या बाजारात फोन लावले तेव्हा दोन कार्डं सापडली. एकाची किंमत तिच्या सगळ्या बजेटएवढी. दुसरं बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं, बिल नाय, आणि त्याचा पंखा म्हाताऱ्या माणसासारखा मान हालवत होता. बाहेरून मागवलं तर आठ दिवस लागतील, नायतर पंधरा, असं उत्तर.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं कधीमधीच चालतं, त्यामुळं मला त्याचं लई कौतुक. म्हणलं, कार्डच नको. असा प्रोसेसर घेऊ ज्याच्या पोटातच ग्राफिक्स हाय. म्हणजे वन आरके घर. सैपाक, झोपणं, पाहुणे, सगळं एकाच खोलीत. प्रोसेसर मिळाला, मदरबोर्ड मिळाला, पॉवर सप्लाय चांगला मिळाला. आणि रॅमची सोळाची एक स्टिक मिळाली. रॅम म्हणजे कॉम्प्युटर काम करताना सामान मांडतो तो ओटा. हल्ली तिचे भाव असे चढलेत की विचारलं की दुकानदार आधी पाणी देतो. मदरबोर्डावर तिच्यासाठी दोन खाचा होत्या, आम्ही त्याला स्लॉट म्हणतो. एकात सोळाची स्टिक बसवली, दुसरा मोकळा सोडला.

प्रज्ञानं तेव्हाच विचारलं होतं, "भाऊ, हा रिकामा का?"

मी छाती फुगवून सांगितलं, "पुढं वाढवायला. बाळूभाऊ आजचं बघत नाय, दहा वर्षांनंतरचं बघतो."

आपल्याकडं स्लॅब टाकला की वर सळया सोडायची पद्धत हाय. पुढं माडी चढवू म्हणून. माडी काय चढत नाय, सळयांना गंज चढतो आणि त्यावर गोधड्या वाळत पडतात. मी सगळ्या गावाला कॉम्प्युटरही तसेच बांधून देत आलो. एक मोठी स्टिक, एक स्लॉट रिकामा. लोकं म्हणायचे, लई दूरदृष्टीचा माणूस.

आता दूरदृष्टीच्या माणसाला टेबलावरचा अडतीस सुटत नव्हता.

आधी मी सॉफ्टवेअर परत टाकलं. अडतीस. पंखा काढून प्रोसेसरवर त्याला गार ठेवणारी पेस्ट नवी लावली. एकोणचाळीस. मी ओरडलो, "बघा, वाढला!" प्रज्ञा म्हणली, "थांबा," आणि पुन्हा मोजलं. अडतीस. मग पॉवर सप्लाय बदलून डबल ताकदीचा लावला. अडतीस. टेबलफॅन आणून मशीनच्या तोंडावर धरला. मशीन गार झालं, मावशीला सर्दी झाली, आकडा तिथंच.

प्रज्ञानं वही काढली. एका बाजूला काय बदललं, दुसऱ्या बाजूला आकडा किती. म्हणली, "आमच्याकडं माल रिजेक्ट झाला की असंच करतो. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. तुम्ही दोन-दोन बदलताय, मग कळणार कसं?"

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली, पण तोंडावर राग बरा दिसतो. ती पाणी प्यायला उठली तशी मी गुपचूप सेटिंगमधी जाऊन चित्राचा साइज बारीक केला. आकडा गेला एक्कावन्नवर!

ती आली, खेळली, आणि माझ्याकडं वळली. "भाऊ, समोर दुश्मन हाय का बाभळीचं झाड, तेवढं सांगा."

"झाडच दिसतंय."

"मग हे झाड मला गोळी का मारतंय?"

मावशी म्हणली, "काटा दाबून वजन दाखवलं की तुम्ही!"

पकडलो गेलो. मग शेवटचा इलाज. ज्याच्याकडून सगळा माल घेतो त्या अन्सारभाईला फोन लावला. शक्यतो मी त्याला अडचण सांगत नाय, कारण तो ती सगळ्या मार्केटला सांगतो. फोन स्पीकरवर राहिला, ही माझी अजून एक चूक.

"अन्सारभाई, ग्राफिक्स अंदरवाला प्रोसेसर हाय. आकडा वर जाईना."

"रॅम कितने स्टिक लगाया?"

"एक. सोळाची."

"एकिच? दूसरा स्लॉट काइकू खाली रखा?"

"पुढं वाढवायला."

पलीकडं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणला, "बाळू, तू कित्ते साल से ये धंदा कर रहा रे?"

"बारा."

"अल्ला रहम करे गिऱ्हाइकांवर."

मग त्यानं समजावून सांगितलं. तुमालाही सांगतो, कारण बारा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची रॅम असते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला ती नसते, ते रॅमकडून उसनवारी करतं. आणि रॅमकडं जायचा रस्ता एका स्टिकला एकच. दोन स्टिक लावल्या की दोन रस्ते. म्हणजे सोळाच्या एकापेक्षा आठाच्या दोन कितीतरी बऱ्या. सामान तेवढंच, पण एका दारातून येण्याऐवजी दोन दारातून येतं. मी दूरदृष्टीनं दुसरं दार बंद करून ठेवलं होतं.

"आठाच्या दोन द्या मग," मी म्हणलो.

"नक्को पूछ. एक भी नाय. भाव बढे तब से स्टॉकच नाय. और तेरा वो सोयगाववाला स्टुडिओ, जिसकी तू तारीफ करता फिरता? उसमें क्या लगाया था?"

माझी ट्यूब पेटली. सोयगावात मल्हारीचा फोटो स्टुडिओ हाय. तीन वर्षांपूर्वी त्याचं मशीन बांधलं तेव्हा सोळाची स्टिक मिळाली नव्हती, नाइलाजानं आठाच्या दोन घातल्या होत्या. स्लॉट भरले म्हणून अन्सारभाईशी भांडलोही होतो. तेव्हापासून मल्हारी दर भेटीला म्हणायचा, मशीन लई पळतंय. आणि मी म्हणायचो, हातगुण हाय.

प्रज्ञाला सगळं खरं सांगितलं. "त्याच जातीच्या हायेत, पण तीन वर्षं वापरलेल्या. तुझी नवी सोळाची त्याला द्यावी लागंल. खराब निघाल्या तर माझ्या जबाबदारीवर, लिहून देतो."

"लिहून द्या," ती म्हणली. वही पुढं केली.

मोटरसायकल काढली. सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर करत दुपारी सोयगावला. मल्हारीला सांगितलं तर त्यानं मान डोलावली. मागच्या वर्षी त्याच्या मशीनला वेगळं कार्ड बसवलं होतं, आता त्याला फरक जाणवायचा नव्हता. पण दारात त्याचे वडील बसले होते. जन्म शेळ्यांमागं गेलेला म्हातारा, व्यवहार म्हणलं की कान टवकारले.

"काय म्हणतो ह्यो?"

मल्हारी म्हणला, "आबा, आपल्या दोन बारक्या पट्ट्या घेतो अन् एक मोठी देतो. वजन सारखंच."

"म्हणजे दोन शेळ्या देऊन एक बोकड घ्यायचा? शेळी वितीया. बोकड काय करतो?"

"आबा, ह्या वीत नायत," मी म्हणलो.

"मग तू शंभर किलोमीटर कशाला आलास? बोकड एवढा चांगला हाय तर ठिव की तुझ्याकडं."

बारा वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग मी खोटं बोललोच नाय. माझी चूक, पोरीची उद्याची मॅच, सगळं सांगितलं. आबा ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणले, "पोरगी खेळती? आन् तुझ्यामुळं अडलीया?"

"व्हय."

"दे रं मल्हारी. आन् ह्याच्याकडून सगळं मशीन पुसून घे, आला हाय तर."

दीड तास मी तीन वर्षांची धूळ काढली. मल्हारीच्या मशीनात एक पाल पण राहत होती. तिलाही बाहेर काढलं.

रविवारी सकाळी दहाला दोन्ही स्टिक प्रज्ञाच्या मशीनात बसवल्या, बटण दाबलं. स्क्रीन काळी. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी जिन्याकडं बघितलं. मग खोडरबर काढला. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना मंतर. शाळेत खोडरबरानं माझं काही भलं झालं नाय, पण धंद्यात लई झालं. घासून परत दाबल्या, टक् आवाज आला. मशीन चालू.

गेम लावला. मावशी चष्मा पुसून कोपऱ्यातला आकडा मोठ्यानं वाचायला लागली. "एकसष्ट... चौसष्ट... एकोणसाठ... परत वर, बासष्ट! भाऊ, बीपी वाढला!"

प्रज्ञानं वहीत लिहिलं: बदल एकच, रॅम. आधी अडतीस, आता बासष्ट. मग पान फाडून माझ्या हातात दिलं. "दुकानात लावा."

मशीन घरी नेताना परत काही हालायला नको म्हणून मॅच दुकानातच खेळली. खालच्या कपड्याच्या दुकानातले दोघंजण वर आले, जिन्यावर पोरं जमली. गेम कुणालाच कळत नव्हता. मावशीला तर प्रज्ञा कोणती हेही कळत नव्हतं. पण आकडा कळत होता, आणि तो साठाखाली गेला की मावशी माझ्याकडं बघायची आणि मी देवाकडं. शेवटच्या डावात टीममधी दोघीच उरल्या, त्यातली एक प्रज्ञा. समोर तिघं. धुरळा, गोळ्या, आरडाओरडा, आणि मशीन एकदाही अडकलं नाय. तिनं दोघांना टिपलं, कॅप्टननं तिसऱ्याला. टीम तिसरी आली. वरच्या आठात! मावशीनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी मॉनिटरला धरून उभा राहिलो.

हेडफोनमधून नाशिकची कॅप्टन ओरडत होती, ते आम्हाला पण ऐकू आलं. "प्रज्ञा, मशीन कुणाकडून घेतलंस गं?"

प्रज्ञा म्हणली, "गुलमंडीत एक भाऊ हायेत. आधी चुकवतात, पण मग सोयगावपर्यंत जातात."

एवढं चांगलं सर्टिफिकेट मला शाळेनं पण दिलं नव्हतं.

तर माझ्याकडून कुणी कॉम्प्युटर घेतला असंल, आणि त्याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसंल, तर झाकण उघडून रॅमच्या स्टिका मोजा. दोन निघाल्या तर त्या दिवशी बाजारात मोठी मिळाली नव्हती, एवढंच समजा. एक निघाली तर दुकानात या आणि शिव्या द्या. फक्त हळू द्या, गिऱ्हाईक बसलेलं असतं.