रस्त्यापलीकडून बघितलेली नात

आमच्या व्याह्यांनी कुणाच्या घरात शिरताना "येऊ का?" असं आयुष्यात एकदा जरी विचारलं असेल, तर मी माझी मिशी उतरवून देईन. त्यांचं आळंदला तुरीचं दुकान, आमचं घर बसवकल्याणला. पण आमच्या घरी आले की चपला दारात, टोपी खुंटीला आणि स्वारी थेट स्वयंपाकघरात. पातेल्यावरचं झाकण उचलून, नुसत्या वासावर, "इहीणबाई, मीठ कमी पडलंय" असं सांगणार, आणि बायकोच्या दुर्दैवानं ते खरं निघणार. समोरच्याचा हात एकदा हातात घेतला, की बोलणं संपेपर्यंत सोडत नाहीत, आणि बोलणं काही संपत नाही. एकदा आमच्या पोस्टमनला त्यांनी असंच धरून तुरीच्या भावाची कहाणी ऐकवली. बिचाऱ्यानं उरलेल्या गल्लीचं टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं.

आणि हाच माणूस पहिल्या नातीचं तोंड बघायला आला, तेव्हा उंबऱ्यावरून मागे फिरला. लेक बाळंतपणाला आमच्याकडे होती. व्याह्यांनी एक चप्पल काढली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता चेहरा उतरला. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून त्यांनी चप्पल परत पायात घातली आणि एक अक्षर न बोलता रस्ता ओलांडून समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

बायको म्हणाली, "आपण लिंगायत, शरणांची माणसं. आपल्यात ना सुतक, ना बाळंतिणीचा विटाळ. मग हे कामून भाईर बसलेत?" आतून लेकीचा आवाज आला, "पोरगी झाली म्हणून." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझं डोकं मुळातच तापट. व्याही असले म्हणून काय झालं, असं म्हणत मी बाह्या सरसावून अंगणात आलो, तोच माझा फोन वाजला. समोरून, लिंबाखालून, व्याहीच बोलत होते.

"इवाई, पुढं येऊ नगा. काल ज्या दोस्तासंगं एका ताटात चुरमुऱ्याचा सुसला खाल्लो, त्याला कोरोना निघालाय. आत्ता त्याच्या पोराचा फोन आलता."

"मग दारात बोलला का नाहीत?"

"तोंड कसं उघडू? वारं घरात जायलतं. हितं बसून डॉक्टरला फोन लावलो. त्ये म्हनले, लागण झाली का न्हाई ते लगेच कळत न्हाई. काही दिवस तोंड बांधून येगळं ऱ्हावा, बाळा-म्हाताऱ्याजवळ जाऊ नगा, ताप-खोकला आला तर तपासून घ्या. फोन सूनबाईकडं द्या."

मी आत जाऊन फोन लेकीच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण फोन नसता तरी तो आला असता. "बाई, नात झाली म्हणून अख्ख्या बाजारात बर्फी वाटलोय मी. रडू नगं. लांबून दाखिव तेवढी."

लेक बाळाला घेऊन खिडकीत उभी राहिली. डोळे पुसत होती आणि हसतही होती. व्याह्यांनी चष्मा तीनदा पुसला आणि निकाल दिला, "नाक आमचंच हाय." तेवढ्या अंतरावरून बाळाला नाक आहे एवढं दिसलं तरी पुष्कळ होतं.

परत जायला बस नको म्हणाले. "तिथं बी कुणाचं तर बाळ असंल की." जावई दुकानाचा टेम्पो घेऊन आले, तर हे त्यांच्याशेजारी न बसता मागे रिकाम्या पोत्यांवर जाऊन बसले. टेम्पो हलला तशी लेक खिडकीतून म्हणाली, "अप्पा, जपून जावा." मी तिच्या मागेच उभा होतो. म्हणालो, "मी कुठं जायलोय?" मग लक्षात आलं, ती टेम्पोकडे बघत होती. तोवर अप्पा म्हणजे मी एकटाच होतो. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

पुढं त्यांना ताप आलाच. बारसं त्यांनी दुकानावरच्या खोलीत पडून फोनवर ऐकलं. पाळण्याच्या गाण्यात त्यांचा खोकला मिसळत होता. बरे झाल्यावर आले आणि नातीला मांडीवर घेऊन दुपारभर बसले. पण ते दुखणं काहीतरी घेऊन गेलं. हल्ली आमच्या तीन पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागते.

लेकीची हाक आता आम्हा दोघांनाही एकच. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते लागलं. आता ती "अप्पा" म्हणाली, की मी लगेच ओ देत नाही. आधी त्यांना देऊ देतो. त्यांना श्वास जुळवायला जरा वेळ लागतो, मी थांबतो.