माझ्याच मुलीच्या शाळेविरुद्ध

"उभी राहा," सर म्हणाले.

माझी मुलगी उभी राहिली. वैशू. सातवीतून आठवीत गेलेली. म्हणजे कागदावर गेलेली, वर्गात पाऊल न ठेवता. माझ्या केबिनच्या सावलीत स्टुलावर बसून ती माझ्या मोबाइलवर शाळेचा धडा बघत होती. घरात मोबाइल एकच. तो माझ्याजवळ, आणि मी दिवसभर सोसायटीच्या गेटवर वॉचमन. म्हणून ती तिथे यायची.

सरांनी खिशातून सॅनिटायझरची फवाऱ्याची बाटली काढली.

"हात पुढे कर."

तिने केले. त्यांनी हातांवर फवारलं. मग दंडांवर. मग केसांवर. मग वहीवर. निळी शाई पसरली. एखादा थेंब डोळ्यात गेला असावा, ती डोळा चोळायला लागली, तर म्हणाले, "तोंडाला हात लावू नकोस."

पार्किंगमध्ये सोसायटीची पोरं सायकली फिरवत होती. एकाच्याही तोंडावर मास्क नाही. ती थांबून बघायला लागली.

"आता बस. पण गेटच्या आत नाही. बाहेर, तिकडे भिंतीपाशी." मग माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला. "राग मानू नकोस रे. तू आपला माणूस, म्हणून मी सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुलाच वाईट वाटलं असतं."

मी म्हणालो, "हो सर." स्टूल मीच उचलून बाहेर ठेवलं.

ती भिंत शाळेचीच होती. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या त्या सोसायटीला लागूनच म्युनिसिपालटीची शाळा. गुजराती माध्यमाची. वैशूची शाळा. दीड वर्ष फाटकाला साखळी. मैदानात गुडघाभर गवत. पोरगी शाळेच्या भिंतीला टेकून, शाळेच्या बाहेर बसून, मोबाइलवर शाळा बघत होती.

सर म्हणजे सोसायटीचे चेअरमन. निवृत्त प्राध्यापक. बडोद्यातलं जुनं मराठी घराणं. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई. हे सरांना कळलं तेव्हा ते खूश झाले होते. "म्हणजे आमचे कचेरीत, तुमचे पहाऱ्यावर. जुनं नातं आहे आपलं!" मीही हसलो होतो. तेव्हा मला ते नातं वाटलं. दोन-तीन पिढ्या गेल्या. ते अजून कचेरीत, मी अजून पहाऱ्यावर. एवढंच होतं ते.

पण एक सांगतो. सरांची भीती खोटी नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकू गेल्या, सरांच्या पत्नी. त्यांना धाप लागली त्या दुपारी लिफ्ट बंद होती. ॲम्ब्युलन्सवाले वर यायला तयार नाहीत. शेजारपाजारची दारं बंद. मी वर गेलो. काकूंना उचललं आणि जिन्यावरून खाली आणलं. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. गरम, तुटका. त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी खोलीच्या बाहेर ओट्यावर झोपलो, बायको ताट लांबून सरकवायची. म्हणून सर घाबरायचे त्याचं मला नवल नव्हतं. मीही घाबरत होतो.

पण माझी भीती नुसती आजाराची नव्हती.

वैशू विझत चालली होती. आधी रोज विचारायची, "पप्पा, शाळा कधी?" मग विचारणं बंद. धडा लावून बसायची आणि नजर भलतीकडेच. मोबाइल मधेच अडकायचा, बाई अर्ध्या वाक्यात गोठायच्या, ती तशीच बघत राहायची. पुढे बायकोने तिला बरोबर कामाला न्यायला सुरुवात केली. बायको त्याच सोसायटीत झाडू-पोता करायची. "बसून काय करते? चार हात असले की लवकर होतं," म्हणाली. मला आवडलं नाही. पण मी काय सांगणार होतो?

तिची मैत्रीण किंजल. आमच्याच चाळीतली. तिला आईबापांनी गावी पाठवलं, छोटा उदेपूरकडे. काही दिवसांनी कळलं, साखरपुडा झाला. मग बायकोच्या चुलत भावाचा धुळ्याहून फोन. मुलगा चांगला आहे, घरचं शेत आहे. "पोरगी घरीच तर आहे, दाजी."

घरीच तर आहे. जो तो हेच म्हणायचा. बायको मला म्हणाली, "अहो, शाळा उघडणार का ते सांगा. उघडणार असेल तर मी भावाला नाही म्हणते. नसेल तर कुठल्या तोंडाने म्हणू?"

मग बातमी आली की मोठ्या मुलांचे वर्ग उघडायचं चाललंय. मी वैशूला सांगितलं. संध्याकाळी तिचा शाळेचा ड्रेस दोरीवर वाळत होता. आखूड झाला होता.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग भरली. पार्किंगमध्ये. मी टेंपरेचर बघायची गन घेऊन उभा.

सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, शाळा उघडली की आपल्या गेटसमोरून रोज शेकडो पोरं जाणार. आजूबाजूच्या वस्त्यांतली. ना मास्क, ना शिस्त. आपल्याकडे वयस्कर लोक आहेत.

दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण डॉक्टर बाई होती. ती म्हणाली, "पण सर, ही मुलं किती दिवस घरी राहणार? त्यांच्याकडे दुसरं काय आहे?"

"तमारा बाबाने मोकलशो?" कोणीतरी मागून ओरडलं. तुमच्या मुलाला पाठवाल का? सगळे हसले. बाई खाली बसल्या.

सर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, कटू आहे पण खरं आहे. त्या मुलांचं असं काय मोठं नुकसान होतंय? आठवीनंतर तशीही ती कामालाच लागतात."

मी तिथेच उभा होतो. हातभर अंतरावर. त्यांना मी दिसलोच नाही.

आणि त्याच वेळी वर क्लब हाउसमध्ये सोसायटीच्या पोरांची ट्यूशन चालू होती. खिडक्या बंद, एसी चालू. दार मीच उघडून दिलं होतं. सरांचा नातूही आत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला अर्ज दिला. गुजरातीत टाइप केलेला. शाळा उघडू नये, असा. "घरोघर जाऊन सह्या घेऊन ये. तुला सगळे ओळखतात, तुला कोणी नाही म्हणणार नाही."

मी घेतला. वाचला नाही. काय लिहिलंय ते मला माहीत होतं, वाचायची हिंमत नव्हती. पहिल्या मजल्यावर बेल वाजवली. "शुं छे?" "शाळा बंद ठेवायचा अर्ज, साहेब." "सारुं, लावो." बरं, आणा. सही. पुढचं दार. सही. कोणी वाचत नव्हतं. एका काकांनी फोनवर बोलता बोलता सही केली. माझे हात आपोआप पेन पुढे करत होते.

पुढचं दार वैशूने उघडलं.

हातात लादी पुसायचा ओला पोता. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली. ती त्या घरात काम करते आहे हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते डोक्यात नव्हतं. ती मला बघून हसली. "पप्पा, तुम्ही?"

आतून बाईंचा आवाज, "कोण छे?"

वैशूने पोता खाली टाकला, हात ओढणीला पुसले आणि माझ्या हातातून कागद घेतला. वाचायला लागली. पूर्वी भराभर वाचायची. आता एकेका शब्दावर बोट ठेवत, अडखळत. मधे एका ओळीवर थांबली. पुन्हा मागे गेली.

"पप्पा, अस्वच्छ वस्ती म्हणजे आपली चाळ?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"आणि ही शाळा… ही माझी शाळा आहे." तिने वर बघितलं. "मग तुम्ही का घेताय सह्या?"

रागाने नाही. खरंच विचारत होती. तिला कळत नव्हतं.

बाई आल्या. पेनासाठी हात पुढे केला. मी कागद वैशूच्या हातातून काढून घेतला आणि म्हणालो, "नाही बेन. तुमची सही नको." आणि जिन्याकडे निघालो. नोकरी जाणार हे पहिल्या पायरीवरच कळलं होतं. तरी पाय सरांच्या दाराकडेच गेले.

सर पेपर वाचत होते. भिंतीवर काकूंचा फोटो, ताजा हार.

"झाल्या सह्या?"

"मी घेणार नाही सर."

"का?"

"माझी मुलगी त्या शाळेत आहे."

"अरे, वैशूचं वेगळं आहे. ती आपल्यातली. तिला मी माझा जुना मोबाइल देतो, मग तर झालं?"

"वेगळी असती तर तिच्या डोक्यावर फवारा मारला नसता तुम्ही."

सरांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग एकदम म्हातारा दिसला. "माझी बायको गेली रे. तुला कळतं का काही?"

"कळतं. मीच खाली आणलं काकूंना. त्या दिवशी माझे हात तुम्हाला घाण वाटले नाहीत."

त्यांनी काकूंच्या फोटोकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी फोन उचलला आणि सिक्युरिटी एजन्सीला हिंदीत सांगितलं, "कल से दूसरा आदमी भेजिए." माझ्याशी मराठी संपली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. भाजी चिरत राहिली. "तुम्ही बोललात, बरं केलंत. आता माझी तिथली कामं जातील. ते कोण निस्तरणार?" गेलीच. आठवड्याच्या आत तिन्ही घरांनी नको सांगितलं. आम्ही उधार-उसनवारी करून ते दिवस काढले. मी मकरपुऱ्याला गोडाऊनमध्ये हमालीला लागलो. उरलेल्या सह्या माझ्या जागी आलेल्या माणसाने घेतल्या. त्याचा काय दोष?

शाळा उघडली. आमच्यामुळे नाही, वरून हुकूम आला म्हणून. वैशू आखूड ड्रेस घालून गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "अर्ध्या मुली नाहीत." किंजल नव्हतीच. त्या मुलींना परत आणायला कोणी गेलं नाही. शाळा उघडली म्हणून सोसायटीत कुणालाच काही झालं नाही, आणि त्याबद्दल कोणी काही बोललंही नाही.

म्युनिसिपालटीची शाळा आठवीपर्यंतच. पुढे हायस्कूल, लांब. नववीत तिला काही समजेना. ज्या वर्षी बीजगणित शिकायचं त्या वर्षी ती लाद्या पुसत होती. पहिल्या परीक्षेनंतर दप्तर भिंतीवर फेकलं आणि खाली बसून रडायला लागली.

"मला जमत नाही पप्पा. मी मठ्ठ झालेय. मी आईबरोबर कामाला जाते."

आमची पोरगी आता स्वतःच तेच म्हणत होती, जे सर मीटिंगमध्ये म्हणाले होते. गोडाऊनमधून आलो होतो, पाठ मोडलेली, तरी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"नापास हो," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. बायकोही बघायला लागली.

"नापास हो. एकदा हो, दोनदा हो. पुन्हा त्याच वर्गात बस. लाज वाटली तर वाटू दे. पण कामाला जायचं नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

ती रडायची थांबली नाही. मी तिला गप्प केलं नाही. दप्तर उचलून तिच्याजवळ ठेवलं, एवढंच.

धुळ्याहून अजून फोन येतात. मी नाही म्हणतो. कारण देत नाही. वैशू पास होईल की नाही, मला माहीत नाही. पुढे तिला कुणी नोकरी देईल की नाही, तेही माहीत नाही. पण ती शिकणार. तिला नको वाटेल त्या दिवशीसुद्धा मी तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडून येणार. आणि तिची शाळा बंद ठेवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली, मग तो कितीही मोठा आणि कितीही आपला असो, तर त्याला आधी मला तोंड द्यावं लागेल.