तुरटीच्या पाण्यातला टॅप

"बेन आजे ढोकळां मूके छे," बाई आज ढोकळे लावतायत, असं लेथवरचे रमणभाई शेजारच्याला गुजरातीत हळूच म्हणाले.

काकूंना ते ऐकू गेलं. "चटणी तमे लावजो," चटणी तुम्ही आणा, असं म्हणून त्या चहाच्या शेगडीवरच्या पातेल्यात तुरटीची पूड ओतत राहिल्या. पातेलं त्यांच्या घरचं, बटाटे उकडायचं, ॲल्युमिनियमचं. लोखंडाचं त्यांनी मुद्दाम आणलं नव्हतं. तुरटीनं तेही खाल्लं असतं. आत एका पंपाचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बुडवलेलं होतं. त्याच्या शेवटच्या भोकात आटे पाडताना पोलादी टॅप मोडून आतच अडकला होता.

शहराच्या कडेला, हरणीच्या बाजूला काकूंची वर्कशॉपची शेड होती. यजमान गेल्यावर काकूंचे भाऊ मशिनं विकायचा सल्ला घेऊन आले, तेव्हा काकूंनी त्यांना चहा दिला आणि रिक्षा बोलावली. मला त्यांनी कॉलेज संपताच ठेवून घेतलं, कारण मोठ्या कंपन्यांचे साहेब आता इंग्रजीत बोलत येऊ लागले होते. पत्रं मी नीट लिहायची. साहेब समोर बसले की मात्र फायलीत डोकं घालायची. काकू माझ्या आईला सांगत, "पोरगी चांगली आहे तुमची. फक्त आवाज अजून डिलिव्हरीला निघालेला नाही."

त्यांची एक लकब तुम्ही पाहिली असती तर तुमच्याही लक्षात राहिली असती. बोल्ट अडकला, कपाट अडकलं, दोन कामगारांचं भांडण अडकलं, की त्या दोन्ही हात पदराला पुसत आणि म्हणत, "एने सूवा दो." झोपू दे त्याला. मग दुसऱ्या कामाला लागत. आळस नव्हता तो. जोर केला की काय मोडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मात्र झोपू द्यायला वेळ नव्हता. हाउसिंग एका मोठ्या कंपनीला द्यायच्या नमुन्याचं होतं. पास झालं तर वर्षाचं काम मिळणार होतं. दुपारी कंपनीचे साहेब आले, पातेल्यात डोकावले आणि इंग्रजीत म्हणाले, हा काय स्वयंपाक आहे, पीस द्या, आम्ही ड्रिलनं काढतो. टॅप कडक, ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल घसरलं असतं आणि भोकच गेलं असतं. काकूंनी हिंदीत सांगून पाहिलं, "साब, फिटकरी सिर्फ लोहा खाती है. सुबह तक रुकिए." साहेब हसले.

सकाळी तो टॅप काळा, भुसभुशीत होऊन दाभणाच्या टोकानं निघाला. आटे शाबूत होते. काम मिळालं, पुढची बरीच वर्षं टिकलं. आता काकू नाहीत. शेडमध्ये कुणाचं तरी टाइल्सचं गोदाम आहे, आणि मी माझ्या ऑफिसात दिवसभर बोलत असते.

पण मला आठवते ती दुपार. साहेबांनी शेगडी बंद करायला हात पुढे केला. काकूंना इंग्रजी शब्द सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला भीड पडू नये म्हणून असेल. लेथ थांबला होता. मी फाइल मिटली, उभी राहिले आणि साहेबांच्याच इंग्रजीत म्हणाले, "शेगडीला हात लावू नका. पीस सकाळी मिळेल, आणि तो काकू देतील."