माझ्या पोटरीचं माप तिला ठाऊक होतं

"सार्कोपेनिया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. महाडच्या दवाखान्यात, मनगटाला प्लास्टर असताना, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे वयाबरोबर स्नायू झिजणं आणि अंगातली ताकद जाणं. वेळेत कळला तर हा आजार आवरता येतो, असं त्या म्हणाल्या.

मग आमच्या पिशवीतल्या कागदांतून त्यांनी एक पिवळं कार्ड उचललं. "काका, हे तर गेल्या वर्षी शिबिरातच निघालं होतं. तेव्हाच का नाही आलात?"

मी बायकोकडे पाहिलं. सुमन पदराचं टोक चोळत बसली होती.

शिबिर मला आठवत होतं. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत, शाळेच्या व्हरांड्यात, साठीपुढच्या सगळ्यांना बोलावलेलं. हातात यंत्र देऊन मूठ आवळायला सांगितली, पोटरीला टेप लावली, हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं. मी पाचही वेळा उठलो. वेळ किती लागला ते कोण बघतंय! आरोग्य खात्याच्या आशाताई कार्ड लिहीत होत्या तोवर मी चहाला सटकलो. कार्ड सुमनने घेतलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "काय नाय वो. समदं बरं हाय."

मी विश्वास ठेवला. बेचाळीस वर्षांचा संसार, का ठेवू नये?

शिमग्याला देवीच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. मुलगा मुंबईत, त्याला सुट्टी नाही. मी खांदा सोडला की मान चुलतघरात जाणार. त्या वर्षभरात सुमन मला बाटलीची झाकणं उघडून द्यायची, हातातली कळशी काढून घ्यायची. मला वाटलं, म्हातारपणी माया वाढली. शिमग्यात पालखी नाचवताना माझे गुडघेच गेले. पोरांनी पालखी सावरली, देवी जमिनीला टेकली नाही. मी मात्र अख्ख्या गावासमोर मनगट मोडून पडलो.

घरी आल्यावर मी तिला नको नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "तुमचा जीव त्या पालखीत. सांगितलं असतं तर जेवन सुटलं असतं तुमचं." माझ्याच शरीराची बातमी माझ्यापासून लपवली. तिने मला फसवलं, दुसरा शब्द नाही.

तुम्हाला अशा तपासणीला बोलावलं तर जरूर जा, आणि कार्ड स्वतःच्या हाताने घ्या.

उपचार साधे होते. रोज अंडी, दही, कुळथाची पिठी. प्लास्टर निघाल्यावर पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या, खुर्चीतून उठबस करायची. खांदा आता चुलतपुतण्याकडे जाईल. मी स्वतः जाऊन सांगून आलो. परतताना रडू आलं.

तीन महिन्यांनी पुन्हा महाडला गेलो. माझी मूठ सुधारली होती. मॅडम सुमनला म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही बसा." ती नको नको म्हणत बसली. दोनदा उठली. तिसऱ्यांदा खुर्चीचा हात धरूनही तिला उठवेना.

"काकू, तुमचं कार्ड कुठाय?"

"चुलीत घातलं," सुमन म्हणाली. "ह्यांचं तेवढं ठेवलं. कधीतरी सांगायचं होतं."

शिबिरात ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. त्या संध्याकाळी मी माझंच काय निघालं ते विचारलं. तिचं विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.