अम्मीच्या नावाची पेटी

दिग्रसच्या एसटी स्टँडमागे त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचाच म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, आणि आम्हा गिटारवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर चाचाच बनवायचे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर पत्र्याची पट्टी, पट्टीवर त्यांच्या अम्मीचं नाव. पेटी झाली की काहीही न वाजवता ते आवाज पूर्ण वाढवायचे आणि डोळे मिटून स्पीकरच्या जाळीला कान लावायचे. जराशी घरघर आली की पेटी पुन्हा उघडायची.

मग कापसाचा भाव पडला, लग्नं आटोपशीर झाली, पेट्या खपेनात. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पट्टीवरचं ते नाव विकत घेतलं आणि तो त्याच नावाच्या पेट्या आपल्या कारखान्यात बनवायला लागला.

त्या घरघरायच्या. लोक त्या चाचांच्याच दुकानात आणून आदळायचे. चाचा मुकाट उघडून बसायचे, मजुरीही घ्यायचे नाहीत. माझंच डोकं फिरायचं.

"नाव विकलं ना चाचा? मंग तुम्ही कायले राबून राह्यले?"

त्यांनी जाळीवरचा कान काढला नाही.

"विकलं ना, बाबू. पन पेटी घरघरली का लोकं शिव्या अम्मीलेच देतेत."