न चाखलेल्या वरणाचं मीठ

मानसीचा फोन आला तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. त्यावर मी जे विचारलं त्याची पाच आठवडे झाले तरी मला लाज वाटते. मी विचारलं, "घरात कसला वास येतोय का?" तिला बहुधा वाटलं, काका भांबावलेत. तिने कसंबसं सांगितलं की आई झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मी गिरगावातल्या माझ्या घरी खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं... गॅस नव्हता. चार वर्षं मी ज्या बातमीला घाबरत होतो, ती ही नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. मानसी, त्यांची मुलगी, जवळच राहते. कामावर जाताना ती आपल्या लेकीला, ओवीला, आजीकडे सोडून जाई. वहिनींचा सगळा स्वयंपाक नाकावर चाले. आमटीत मीठ कमी आहे हे त्या उकळीच्या वाफेवरून सांगत. दादरच्या बाजारात पापलेट हातात घेत, नाकाजवळ नेत आणि "कालचं आहे गं बाई" म्हणून परत ठेवत. माझी नोकरी वजनमापं तपासण्याची, त्यामुळे मला हे पटत नसे. मी तसं म्हटलं की त्या म्हणत, "भावोजी, तुमचा काटा गंजेल एक दिवस. माझं नाक नाही गंजायचं."

कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला आणि गेला. त्यानंतर चारेक महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. सोलकढीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. नारळाचं दूध नासलं होतं. वहिनी वाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "खराब आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांगा. मला कळत नाही हो." त्याच क्षणी आम्हा दोघांना दिसलं की दोन वर्षांच्या ओवीने तिची वाटी तोंडाला लावली आहे. आमचे दोघांचे हात एकदमच तिकडे गेले. सोलकढी चटईवर सांडली, पोरगी भोकाड पसरून रडायला लागली, आणि वहिनी तिला पोटाशी धरून तिथेच बसल्या.

तापात गेलेला वास परत आलाच नव्हता. फोडणी त्या डोळ्यांनी बघत, दूध कानांनी ऐकत, आणि गॅसचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, मानसीला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, मानसी पोरीला पाळणाघरात ठेवेल आणि स्वयंपाकाला बाई लावेल. "मग मी दिवसभर या दोन खोल्यांत करू काय, भावोजी? तुम्ही मोजून द्या. मी मोजून करीन." मी कबूल झालो. ते बरोबर होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळती कळवणारं यंत्र मी ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलं. मानसीला सांगितलं, माझ्याकडेही बसवलंय; मग घरी येऊन ते खरं केलं. काम संपलं की रेग्युलेटर बंद. दर शनिवारी नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं. दूध तापतंय तोवर ओट्यापासून हलायचं नाही. उरलेल्याच्या डब्यावर वेळ लिहायची आणि चोवीस तासांनी ते टाकून द्यायचं. मी रोज दोनदा फोन करी. "रेग्युलेटर?" "बंद." "दूध?" "उतरवलं." एवढंच बोलणं. फोन सहा वेळा वाजूनही उचलला नाही तर मी चपला पायात घालत असे. तीनदा मी टॅक्सी करून परळला पोचलो. तिन्ही वेळा वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "आलात?" म्हणून चहा टाकत.

खरी परीक्षा गणपतीत. आमच्या घरचा गणपती वहिनींकडेच बसतो आणि आमच्यात नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. आजवर त्यांना चाखायची गरजच पडली नव्हती. आता जीभही नाही आणि नाकही नाही, आणि पंगतीला अठ्ठावीस माणसं. आम्ही तीन आठवडे आधीपासून वरण करून, तोलून, मी खाऊन बघत होतो. शेवटी आकडा ठरला: शिजलेल्या वरणाच्या किलोला नऊ ग्रॅम मीठ. नारळ मात्र काट्यावर कळत नाही. त्या दिवशी नऊ नारळ फोडले आणि प्रत्येकाचा वास मी घेतला. खरं तर नैवेद्याचा वासही घेऊ नये. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "देव रागावला तर माझ्यावर रागावेल. तुम्ही हुंगा." सातवा खवट निघाला. तो मी बाजूला ठेवला तेव्हा वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या... मी नसतो तर तो मोदकांत गेला असता.

पंगत बसली. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मानसीने पहिला घास घेतला आणि मान वर केली. "आई..." ती म्हणाली, आणि मला वाटलं, झालं. "यंदा वरणाला मीठ अगदी नेमकं पडलंय हं." सगळे हसले. वहिनी आत गेल्या. मी मागोमाग गेलो, तर त्या नळाखाली नुसतेच हात धरून उभ्या. "दरवर्षी हे असंच का आता?" त्यांनी विचारलं. तसंच झालं, आणखी तीन वर्षं.

त्या गेल्या त्या दिवशी दुपारी चारला आम्ही स्मशानातून परतलो. शेजाऱ्यांनी भात आणून ठेवला होता. मानसीने फ्रीज उघडला आणि एक डबा काढला. झाकणावर पट्टी, त्यावर वहिनींचं अक्षर: सोमवार दुपार १ ते मंगळवार दुपार १. मंगळवारच होता. "आईच्या हातची शेवटची आमटी," मानसी म्हणाली. "ओवीला भातावर घालते."

मी डबा तिच्या हातातून घेतला आणि वास घेतला. काहीच आलं नाही. पुन्हा घेतला. आंबट नाही, चिंचेचा नाही, हिंगाचाही नाही. आमटी गार होती म्हणून, की रडून नाक चोंदलं होतं म्हणून, की ते गेलंच होतं... मला सांगता येईना. ओवी ताटापुढे बसून वाट बघत होती. वहिनी चार वर्षं रोज प्रत्येक झाकण असंच उघडत होत्या, हे मला त्या ओट्यापाशी कळलं. तोवर मी फक्त आकडे दिले होते.

मी म्हटलं, "नको. तीन तास होऊन गेलेत." मानसीला राग आला, तीन तासांनी काय होतंय, म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, ओवीला काही झालं असतं तर?"

तिने डबा माझ्या हातातून घेतला, आमटी मोरीत ओतली आणि डबा घासायला बसली. तो तिने दोनदा घासला.

आता मी रोज सकाळी चहाआधी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरतो. वास येतो. झाकण लावतो, आणि पुन्हा एकदा उघडून बघतो.